मागून येणारा

दसरा सरला की आमच्या भागातल्या रस्त्यांचा स्वभाव बदलतो. पावसाळाभर जे रस्ते एस.टी., दुधाच्या गाड्या आणि शाळेच्या पोरांच्या सायकली एवढ्यांचेच असतात, त्यांवर एके दिवशी रिकाम्या ट्रॉल्यांचा खडखडाट सुरू होतो. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठी, म्हणजे शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत, ज्यांचा जन्म गेला त्यांना हा आवाज अर्ध्या कोसावरून ओळखता येतो. रिकामी ट्रॉली लांबून वाजते. भरलेली मात्र उसाच्या वजनाने गप्प होते, आणि अपघात होतात ते बहुधा या गप्प गाडीशी.

ट्रॉल्यांमागोमाग माणसे येतात. बीड जिल्ह्यातही एक शिरूर आहे. त्याला शिरूर कासार म्हणतात. तिकडची, आष्टी-पाटोद्याची, पाथर्डीची माणसे मुकादमाची उचल घेऊन, भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरे ट्रॉलीत घालून आमच्या शिरूरला येतात. आमच्या शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात, म्हणून घोटाळा होत नाही एवढेच. शिरूरहून शिरूरला अशी ही वारी दरसाल चालते. तिला देव नाही, कोयता आहे. आपल्या घरी आकाशकंदील लागतो त्या सुमारास त्यांची पालाची काठी कुठल्या तरी माळावर रोवली जात असते.

हा सगळा पसारा काही अनादी नाही. माझ्या आजोबांच्या तरुणपणी या पट्ट्यात बाजरी, ज्वारी आणि हुलगा होई. खडकवासल्याचा कालवा दौंडमधून इंदापुराकडे गेला, चासकमानचे पाणी शिरूरला आले, घोड धरण झाले, आणि जिथे पाणी गेले तिथे ऊस गेला. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला; ते वारे पुढे इकडेही आले. पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा असे कारखाने उभे राहिले, नंतर खासगी आले, आणि दौंडकडची गुऱ्हाळे तर आहेतच. रस्ते मात्र बैलगाडीच्या मापाचेच राहिले. अलीकडे त्यांवर डांबर चढले, काही ठिकाणी काँक्रीटही झाले, त्याने एवढेच झाले की घाई असणाऱ्याला घाई करता येऊ लागली.

संपादकांना माझ्याकडून कथा हवी होती. मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा त्यांची अपेक्षा रास्त आहे. पण गेली काही वर्षे एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे आणि तो कथेत घातला की खोटा होतो, कारण कथेत मला माझ्या सोयीचा शेवट करता येतो. प्रश्न साधा आहे. रस्त्यावर माझ्या मागून जो अनोळखी माणूस येतो आहे, त्याचा मी कोण लागतो? तत्त्वज्ञान मी शिकलेलो नाही. जे काही थोडे सुचते ते शाळेच्या फळ्यापुढे आणि फटफटीवर बसून सुचलेले आहे. वाचकांनी ते तेवढ्याच किमतीने घ्यावे.

आजोबांची बैलगाडी मला आठवते. रात्रीचे निघायचे असले की ते आसाखाली कंदील टांगायचे. मी एकदा विचारले, ‘आबा, कंदील बैलांच्या पुढे का नाही धरत? त्यांना वाट कशी दिसणार?’ आबा हसले. म्हणाले, ‘बैलांना वाट ठाऊक आहे रे. कंदील मागून येणाऱ्यासाठी.’ मला ते उत्तर तेव्हा जरा वेडेपणाचे वाटले होते. रॉकेल आपले, काच आपली, आणि उजेड कोणाला, तर जो कदाचित येणारही नाही त्याला!

आता कंदील गेले. टायरगाडीला लाल कापडही नसते. ट्रॉलीला दिवे असतात, पण ते ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतात, त्यांची वायर उसाच्या वाढ्यांत अडकून तुटलेली असते, किंवा मोळ्या इतक्या खाली लोंबत असतात की दिवा असून नसल्यासारखा. लाल चमकत्या पट्ट्या, ज्यांना आमच्याकडे सरसकट ‘रेडियम’ म्हणतात, हंगामाच्या आरंभी लावल्या जातात; पंधरा दिवसांत त्यांवर शेतातल्या चिखलाचा थर बसतो. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. समोरून बैल येत असेल तर त्याचे डोळे दिव्यात चमकतात आणि आपण सावध होतो. मागून पाहिले तर ऊस हा अंधाराच्याच रंगाचा असतो.

सातवीच्या वर्गाला मी याची गणिते घालतो. नळ आणि हौद यांच्यापेक्षा पोरांना ती जास्त कळतात. फटफटी ताशी 60 किलोमीटर वेगाने चालली आहे. सेकंदाला किती मीटर? पोरे सांगतात, पावणेसतरा. बरोबर 16.67, पण पावणेसतरा म्हटले तरी चालते. समोरून ट्रक येतो आहे म्हणून दिवा खाली केला आहे आणि पुढचे फक्त 40 मीटर दिसते आहे. तिथे ट्रॉली उभी आहे. हाताशी किती वेळ? 2.4 सेकंद. आता माणसाला दिसणे, दिसले ते कळणे आणि कळल्यावर पाय ब्रेकवर जाणे, यांतच एक-दीड सेकंद सरतो. तेवढ्यात गाडी 17 ते 25 मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या डांबरावर ब्रेक लागून थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. पोरे बेरीज करतात आणि वर्गात कोणीतरी म्हणते, ‘गुरुजी, गाडी थांबतच नाही.’ थांबते, पण जेमतेम. रस्ता ओला असला, किंवा शेतातून निघालेल्या चाकांनी त्यावर चिखल आणला असला, की थांबत नाही.

दुसरे गणित ओलांडून जाण्याचे. ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन ट्रॉल्या मिळून लांबी वीस मीटरच्या आसपास होते. तो ताशी 20 ने चालला आहे, मोटार 50 ने. मागे पंधरा मीटर, पुढे पंधरा मीटर अंतर राखून आणि मोटारीची स्वतःची लांबी धरून 54 मीटर जादा काटायचे. याला साडेसहा सेकंद लागतात. तेवढ्यात मोटार 90 मीटर जाते, आणि समोरून 60 ने येणारे वाहन 108 मीटर जवळ येते. म्हणजे निदान 200 मीटर रस्ता मोकळा दिसल्याशिवाय बाजू काढू नये. आमच्या रस्त्यावर 200 मीटर सरळ दिसणारी जागा दोन वळणांमध्ये क्वचितच असते. शिवाय ट्रॅक्टर काही पुढच्या गावालाच जातो असे नाही. तो एकाएकी उजवीकडे शेतात वळतो. मोटारीत बसलेल्याला तिथे फाटा दिसत नाही, कारण तो फाटा नसून नुसता बांध असतो.

याबद्दल मी एका ट्रॅक्टरवाल्याला रागावून विचारले होते, की बाबा, वळताना मागे बघत का नाहीस? तो म्हणाला, ‘गुरुजी, एकदा वर येऊन बसा.’ मी बसलो. मागे उसाची भिंत होती. आरशात ऊस होता. इंजिनाच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू येईना, मग हॉर्न कसला! आणि त्यावर गाण्यांचा भोंगा. तो बंद कर म्हटले तर म्हणाला, ‘बंद केला की डोळा लागतो.’ कारखान्याच्या वजनकाट्यापुढे रांगेत त्याची आदली सबंध रात्र गेली होती. त्याला मजुरी खेपेवर. ऊस तोडला की वाळू लागतो, वजन घटते, साखर उतरते. तो लौकर गाळला गेला पाहिजे म्हणून शेतकऱ्याला घाई, मुकादमाला घाई, कारखान्याला घाई. त्या सगळ्यांची घाई गोळा होऊन त्या एका जागरण झालेल्या पोराच्या पायाखाली येते. आज आपल्या ताटातल्या करंजीत जी साखर आहे ती बहुधा गेल्या हिवाळ्यात कुठल्या तरी अशाच रस्त्याने, अशीच रात्रीची, दिव्यावाचून गेलेली आहे. सणासुदीला हे बोलू नये, पण आठवले ते लिहिले.

आणि आपणही काही त्या उसापासून अगदीच अलिप्त नाही. चालत्या ट्रॉलीमागे पळत जाऊन ऊस ओढणे हा आमच्याकडच्या बालपणाचा हक्काचा खेळ आहे. मी स्वतः ओढला आहे. विकत घेतलेल्या उसाला ती गोडी नाही! आता गुरुजी झालो म्हणून शाळा सुटताना फाटकाशी छडी घेऊन उभा राहतो, कारण एक मोळी सैल झाली की सगळी घसरते, आणि पहिल्या ट्रॉलीमागे पळणाऱ्या पोराला दुसरी ट्रॉली दिसत नाही. पोरे माझ्यासमोर शहाण्यासारखी चालतात आणि वळणापलीकडे गेली की पळतात. त्यांच्या तोंडाला लागलेला रस मला दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना दिसतो.

असो. ज्यासाठी लिहायला बसलो ते टाळतो आहे हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्गशीर्ष होता, लग्नसराई. शिरूरला एक संध्याकाळचे लग्न उरकून मी आणि आमची मंडळी फटफटीवर गावाकडे निघालो. आमचे गाव भीमेच्या अलीकडे, दौंड तालुक्यात. न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडला की घर जवळ येते. नऊ वाजून गेले असतील. नदीकाठच्या उसावर धुके बसले होते. समोरून एका ट्रकचे दिवे डोळ्यांवर आले. मी डोळे किलकिले करून तसाच पुढे गेलो. दिवे बाजूने निघून गेले आणि समोर उसाची भिंत उभी राहिली. ब्रेक कसा लागला सांगता येत नाही. चाक ट्रॉलीपासून दोन हातांवर थांबले. बायकोचे कपाळ माझ्या पाठीवर आपटले.

ट्रॉलीचा टायर फुटला होता. चालक ती तशीच रस्त्यात सोडून, ट्रॅक्टर घेऊन टायर आणायला गेला होता. ट्रॅक्टर गेला म्हणजे दिव्याची गोष्टच संपली. राखणीला चौदाएक वर्षांचे एक पोर ठेवले होते. अंगावर पोत्याची खोळ, कडेला पाचट पेटवलेली, पण ती विझत आलेली. मागून येणाऱ्याला कळावे म्हणून त्याने रस्त्यात पाच-सहा दगड आणि बाभळीची एक फांदी मांडली होती. आपल्याकडे हीच रीत आहे. अंधारात दगड दिसत नाही हे मांडणाऱ्यालाही ठाऊक असते, तरी तो मांडतो.

मी त्या पोरावर संतापलो. जीव वाचल्यावर माणसाला जो राग येतो तो फार मोठ्या आवाजाचा असतो. अक्कल नाही का, दिवा नको का, कोणी मेले असते म्हणजे, असे सगळे बोललो. ते म्हणाले, ‘दादा, दिवा कुठनं आणू?’ एवढेच. त्याच्या बोलण्यावरून ते बालाघाटाकडचे असावे असे वाटले.

आमच्या मंडळी हळूच म्हणाल्या, ‘अहो, डिकीतली बॅटरी त्याला द्या ना. आपल्या गाडीला दिवा आहे, आणि घर काही लांब नाही.’

डिकीत खरोखरच बॅटरी होती. चांगली तीन सेलची. मी म्हणालो, ‘ती शाळेची आहे. उद्या दप्तरात दाखवावी लागेल.’

हे खरे होते. ती शाळेचीच होती आणि साहित्याच्या नोंदवहीत तिची नोंद होती. आजवर मी आयुष्यात अनेक खोटी कारणे दिली, ती मी विसरलो. हे खरे कारण मात्र विसरता येत नाही. खरे बोलूनही माणसाला लबाडी करता येते हे मला त्या रात्री कळायला हवे होते. कळले ते दुसऱ्या दिवशी. मी गाडी सुरू केली. त्या पोराला जाता जाता म्हणालो, ‘जागा राहा बरं का. मागून येणाऱ्याला आवाज दे.’ आणि घरी येऊन झोपलो. झोप लागली, हेही सांगितले पाहिजे.

टायर रात्रीत मिळाला नाही. पहाटे पावणेपाचच्या सुमारास पलीकडच्या गावचा एक दूधवाला, फटफटीला दोन्हीकडे कॅन बांधून, त्या ट्रॉलीवर गेला. पोर झोपले होते. पहाटेपर्यंत जागणार तरी किती? दूधवाला जिवानिशी वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ते पोर भीतीने उसात पळाले ते दुपारी सापडले. गुन्हा चालकावर नोंदला गेला. माझे नाव कुठेही आले नाही. येण्याचे कारणही नव्हते.

आमचे एक वकील स्नेही आहेत. त्यांना मी सगळे सांगितले. ते समजूतदारपणे म्हणाले, ‘मास्तर, कायद्याने तुम्ही कोणीच नाही.’ अपघात ज्याच्या वाहनाने झाला त्याने जखमीला दवाखान्यात पोहोचवावे असे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 134 वे कलम सांगते. येणाऱ्याजाणाऱ्याने मदत केली तर त्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली नियम घालून दिले आणि 2019 च्या दुरुस्तीने 134 अ हे कलम आले. म्हणजे मदत करणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. पण जो थांबला नाही त्याच्याविषयी कायदा काही बोलत नाही, आणि अपघात व्हायच्या आधी जो थांबला नाही त्याच्याविषयी बोलण्याचा तर प्रश्नच नाही. वकिलांना वाटले, मला आता बरे वाटेल.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गाडीच्या अपघातांचा विचार आहे, हे वाचून मला मौज वाटली होती. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, गाडी मागे सरकली, जनावरांची आणि माणसांची गर्दी झाली, अशा वेळी कोणाला इजा झाली तर हाकणाऱ्याला दंड नाही. पण हाकणारा अज्ञान मूल असेल तर गाडीत बसलेल्या मालकाला दंड. मालक गाडीत नसेल तर जो कोणी बसला असेल त्याला. यातले शेवटचे वाक्य मला फार खोल वाटते. गाडी त्याची नाही, कासरा त्याच्या हाती नाही, तो नुसता बसला आहे, तरी दोषी. का? तर त्याला दिसत होते. मूल गाडी हाकते आहे हे पाहून तो उतरला नाही. आपला आजचा कायदाही यातले थोडे मानतो. 2019 पासून अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन दिले तर पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड आहे. आमच्याकडे आठवी-नववीतली पोरे ट्रॅक्टर चालवतात आणि बाप कौतुकाने बघतो, तो भाग निराळा.

तर ‘दिसले’ म्हणजे देणे लागले काय? मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. त्या रात्री त्या ट्रॉलीवरून माझ्यासारखे वीस-पंचवीस जण तरी गेले असतील. सगळ्यांचा दोष वाटला तर माझ्या वाट्याला चार टक्के येतात! मी शिक्षक आहे, अपूर्णांक मला जमतात. पण दोष हा शेतजमिनीसारखा वाटला जात नाही असे दिसते. पाच भावांत पाच एकर वाटले की प्रत्येकाला एक एकर येतो. पंचवीस जणांनी न दिलेली बॅटरी मात्र प्रत्येकाच्या डिकीत सबंध राहते. दुसरा वाद असा, की बॅटरी दिली असती तरी पोर झोपलेच असते आणि सेल उतरले असते. शक्य आहे. ट्रॉलीच्या मागच्या कडीला ती पेटती बांधून ठेवली असती तर पहाटेपर्यंत टिकली असती की नाही, हे मी नंतर घरी तशीच बॅटरी रात्रभर पेटती ठेवून पाहिले. ती पहाटे मंद पण जळत होती. हा प्रयोग करायला नको होता असे आमच्या मंडळींचे मत पडले. त्या रात्रीविषयी त्यांनी एवढेच एक वाक्य दहा वर्षांत उच्चारले आहे.

दशरथाची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. अंधारात पाण्याचा बुडबुड आवाज ऐकला, हत्ती समजून बाण सोडला आणि श्रावणबाळ गेला. त्या गोष्टीत मला पूर्वी राजाची कीव येई. त्याला दिसले नव्हते. आता वाटते, न दिसताही हात चालवायचा हा हक्क त्याला कोणी दिला? समोरून दिवे डोळ्यांवर आले असता वेग कमी न करता पुढे जाणारे आम्ही सगळे त्याच जातीचे. फरक एवढाच की मला तर दिसल्यावरही मी काही केले नाही. मला दशरथाच्या ओळीतही बसता येत नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्या जागी गेलो होतो. ट्रॉली नेली होती. ऊसही उचलला होता. दगड मात्र तिथेच, रस्त्याच्या मधोमध होते. ज्यांनी चाक बसवले त्यांना दगड कडेला टाकायचे सुचले नाही. ते कधीच कोणाला सुचत नाही. आमच्या भागात रस्त्यात दगडांची अर्धगोल रांग दिसली की समजावे, इथे कोणाची तरी गाडी बिघडली होती आणि ती आता सुखरूप घरी गेली आहे. स्वतःच्या रक्षणासाठी मांडलेला दगड, गरज सरल्यावर, दुसऱ्याच्या चाकासाठी ठेवून जाणे यात दुष्टावा नाही. दुष्टावा असता तर बरे झाले असते. त्याला शिक्षा करता येते. मी ते दगड एकेक करून चरात टाकले. टाकताना मला बरे वाटले, आणि मग त्या बरे वाटण्याचीच लाज वाटली.

तेव्हापासून मी काही गोष्टी करतो, त्या सांगण्यासारख्या नाहीत. पण लपवण्यासारख्याही नाहीत. हंगाम सुरू व्हायच्या आधी शाळेची मुले घेऊन पारगावच्या पुलाशी उभा राहतो आणि येणाऱ्या गाड्यांना रेडियमच्या पट्ट्या चिकटवतो. मागची फळी आधी फडक्याने पुसावी लागते, नाहीतर पट्टी धरत नाही. टायरगाडी समोरून आली तर दिवा खाली करतो आणि हॉर्न वाजवत नाही. बैल बुजला तर तो गाडीसकट कुठे जाईल ते त्यालाही ठाऊक नसते. पुढे ट्रॉली असली तर तिच्या मागे मागे जातो. रांजणगावच्या किंवा सिद्धटेकच्या गणपतीला निघालेल्या मोटारी मागून हॉर्न वाजवतात, काही जण बाजूने जाताना माझ्याकडे पाहून हातवारे करतात. माझी पाच मिनिटे जातात. एकदा फटफटीचे पेट्रोल संपले तेव्हा ज्या ट्रॉलीच्या मागे मी दोन कोस चाललो होतो तिच्यावरच्या बाईने मला पाणी दिले; हा काही पुण्याचा हिशेब नव्हे, घडले म्हणून लिहिले. आणि माझ्या डिकीत दोन बॅटऱ्या असतात. दोन्ही माझ्या.

पण यातल्या कशानेही त्या दूधवाल्याचा पाय परत येत नाही, हे मला कळते. तो आता दूध घालायला जात नाही. त्याची बायको आणि भाऊ जातात. तो गोठा पाहतो. लाकडी पायावर चालतो आणि गुरांची दुखणी त्याला चांगली कळतात अशी त्याची ख्याती झाली आहे. बाजारच्या दिवशी केडगावला चहाच्या दुकानात भेटतो. ‘नमस्कार गुरुजी’ म्हणून बाकावर सरकून जागा करून देतो. दोनदा चहाचे पैसे त्याने दिले. मी नको म्हणू शकलो नाही, कारण का नको हे सांगावे लागले असते.

त्याचा मुलगा तेव्हा पायांवर नुकता धावू लागला होता. तो आता माझ्या वर्गात आहे, सातवीत. गणित त्याचे उत्तम आहे. गेल्या महिन्यात ते 40 मीटरचे उदाहरण मी फळ्यावर घातले तेव्हा पहिला हात त्याचा वर झाला. ‘2.4 सेकंद,’ तो म्हणाला, आणि सवयीने माझ्याकडे पाहत उभा राहिला, मी ‘बरोबर’ म्हणण्याची वाट पाहत.

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली की हा अंक आमच्या वाचनालयात येईल. तो मुलगा हाती लागेल ते वाचतो. त्याच्या आधी मला त्यांच्या घरी जाऊन आले पाहिजे. वसुबारसेच्या संध्याकाळी जावे असे ठरवले आहे. त्या दिवशी गाईवासराची पूजा असते, तेव्हा तो नक्की गोठ्यात भेटेल.